शालेय बास्केटबॉल स्पर्धेत गावच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार: कोणाचा, केव्हा आणि कसा?

मॅडम, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तालुक्याच्या गावी तुमची शाळा आहे. जानेवारीत तीन दिवसांची आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धा आहे, १७ वर्षांखालील, मुलांचे ८ संघ आणि मुलींचे ६. संस्थेची इच्छा आहे की या निमित्तानं गावातल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार व्हावा. यादी करायला बसलात तर नावं झाली तेवीस. त्यात पैलवान आहेत, कबड्डीपटू आहेत, खो-खोतले राष्ट्रीय खेळाडू आहेत, एक निवृत्त पंच आहेत, दोन वर्षांपूर्वी वारलेले एक प्रशिक्षक आहेत आणि अध्यक्षांचे मेहुणेही आहेत, जे ‘कॉलेजात असताना क्रिकेट खेळायचे’. तुम्ही विचारलंय की यातलं कोण ठेवावं, कोण गाळावं, सत्कार उद्घाटनाला करावा की बक्षीस समारंभात, आणि द्यावं काय.

मी ३१ वर्षं क्रीडाशिक्षक होतो. त्यातली बहुतेक वर्षं बास्केटबॉलच्या शालेय स्पर्धा भरवण्यात, पंचगिरी करण्यात किंवा स्कोअरशीट भरण्यात गेली. त्यामुळे बोलतोय ते अनुभवाचं आहे, आणि त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

तुमचे प्रश्न चार दिसतात, पण मुळाशी एकच आहे: हा सत्कार बघणार कोण? उद्घाटनाला व्यासपीठावर सत्कार ठेवला की तो फक्त व्यासपीठच बघतं. मुलं उन्हात रांगेत उभी असतात, त्यांना माइकवरून ‘यानंतर’ आणि ‘मी विनंती करतो की’ एवढंच ऐकू येतं. शाल कोणाच्या खांद्यावर पडली तेही दिसत नाही, कारण समोर फोटोग्राफर आणि मोबाइलवाले. सत्कारमूर्ती घरी जातात, शाल कपाटात जाते. आणि मुलांना त्या दिवसाबद्दल विचारलं तर ती सांगतात, ‘भाषणं लई झाली सर.’ मुलांनी बघावं म्हणून सत्कार करायचा असं एकदा ठरवलंत, की उरलेल्या बऱ्याच गोष्टींची उत्तरं आपोआप मिळत जातात.

माझी चूक आधी सांगतो. एका वर्षी आम्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना यांच्या मध्ये ११ सत्कार ठेवले. हिशेब सोपा वाटला होता: माणशी तीन मिनिटं, म्हणजे अर्धा-पाऊण तास. प्रत्यक्षात सत्तर मिनिटं लागली. प्रत्येकाला शाल घालायला वेगळा पाहुणा, प्रत्येक पाहुण्याचा आधी परिचय, आणि परिचय देणाऱ्याला आपला आवाज आवडलेला. अंतिम सामन्याचे दोन्ही संघ वॉर्म-अप करून बाकावर बसलेले. घाम वाळला, अंग गार पडलं. सामना सुरू झाल्यावर पहिल्याच क्वार्टरमध्ये आमच्या एका मुलाच्या पोटरीत गोळा आला आणि तो बाहेर बसला. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. नववा की दहावा नंबर एका वृद्ध कबड्डीपटूंचा होता. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी. शेवटची एसटी चुकेल म्हणून ते निघून गेले होते. श्रीफळ आम्ही दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर घरी पाठवलं. सत्कार करायला बोलावून माणसाचा अपमान कसा होतो ते मी त्या दिवशी बघितलं. तो दुसऱ्या कोणी नाही, मी केला होता.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या इथे बसून मी ठरवू शकत नाही. मैदान उघड्यावरचं सिमेंटचं आहे की हॉलमधलं, दिवे आहेत का, संस्थेचे पदाधिकारी तुमचं किती ऐकतात, आणि तुमच्या गावात बास्केटबॉलची परंपरा आहे की हा खेळ अलीकडेच आलाय. परंपरा नसेल तर केवळ बास्केटबॉलपटूच हवेत असा हट्ट धरू नका. कुस्तीच्या गावात पैलवानाला वगळून बास्केटबॉलचा सत्कार केला तर तो उपराच वाटेल. पण निदान दोन नावं तरी याच खेळातली असू द्या. मैदानावरच्या मुलाला ‘हे माझ्यासारखंच करायचे’ असं कुणाबद्दल तरी वाटायला हवं.

यादीकडे येऊ. तेवीसची सहा करा. सहाच का, ते पुढे वेळेच्या हिशेबात कळेल. निवडताना मी पाहतो ते एवढंच: या माणसानं नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांगता येतं का, आणि ते खरं आहे का?

खरं आहे का, हे विचारायला संकोचू नका. गावात ‘नॅशनल खेळलेला’ हा शब्द फार सैल वापरतात. शालेय राष्ट्रीय स्पर्धा वेगळी, राष्ट्रीय संघटनेची ज्युनियर वा सीनियर नॅशनल वेगळी, आंतरविद्यापीठ वेगळी. ‘भारताकडून खेळले’ म्हणजे कधी कधी ‘भारताच्या सराव शिबिरात होते’ एवढंच निघतं. त्यातही कमीपणा नाही, पण माइकवरून जे सांगाल ते बरोबर असायला हवं, कारण समोर बसलेल्यांत त्यांच्याच संघातला एखादा असतोच आणि तो गालात हसतो. काही गोष्टी तर साध्या माहितीनं तपासता येतात. भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला एकदाच गेलाय, १९८० साली मॉस्कोला. कबड्डी एशियाडमध्ये पदकाचा खेळ म्हणून आली ती १९९० च्या बीजिंगपासून. १९८२ ला दिल्लीत ती प्रदर्शनीय होती. त्यामुळे ‘ब्याऐंशीच्या एशियाडचं पदक’ असं कुणी कबड्डीपटूबद्दल सांगितलं तर त्यांच्या घरी जाऊन चहा प्या आणि प्रमाणपत्रांची फाइल बघायला मागा. जुने खेळाडू ती फाइल दाखवायला कधीच कंटाळत नाहीत. उलट त्या फाइलमध्ये तुम्हाला परिचयाचा सगळा मजकूर मिळतो.

दुसरी गोष्ट, तुमच्या तेवीसमध्ये बायका किती आहेत ते मोजा. तुम्ही लिहिलेल्या नावांत मला एकच दिसली. बाकीच्या नसतील असं नाही, त्या सापडत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं पहिलं नावही बदललं, गाव बदललं. शाळेच्या जुन्या फोटोमागे माहेरचं नाव असतं आणि ते आज गावात कुणी ओळखत नाही. मी शोधायचो ते असं: जुना संघाचा फोटो घ्यायचा, त्यातली एक ओळखीची बाई गाठायची, ती बाकी अकरा जणींचा ठावठिकाणा सांगते. मैत्रिणी एकमेकींना सोडत नाहीत. सहात निदान दोन बायका असू द्या. आणि सत्काराच्या वेळी दोन्ही नावं वाचा, आधी माहेरचं. ते नाव त्यांनी कित्येक वर्षांत माइकवरून ऐकलेलं नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा लांबवतो. खेळाडूच्या मागे उभा राहिलेला माणूस यादीत असू द्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती म्हणतात. गावानं कौतुकाला उशीर केला नाही. देशाचा अर्जुन पुरस्कार मात्र २००० सालचा, मरणोत्तर; खाशाबा १९८४ मध्येच अपघातात गेले होते. ही हकिगत सगळ्यांना माहीत असते. पण हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं गप्प व्हायची. तुमच्या गावातही असा कुणीतरी असेल. मैदानावर पहाटे फक्की मारणारा शिपाई, संघाला टेम्पोतून फुकट नेणारा, मुलींच्या आयांना घरोघरी जाऊन समजावणाऱ्या बाई. सहातली एक जागा या माणसाची. आणि तुमचे निवृत्त पंच? त्यांनाही घ्या. पंचाच्या वाट्याला टाळ्या येतच नाहीत.

उरलेल्या सतरा जणांचं काय? त्यांना गाळायचं नाही, पण मैदानात उभंही करायचं नाही. शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फलक करा: गावचे खेळाडू, नाव, खेळ, साल, पातळी. खाली जागा मोकळी ठेवा. ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना निमंत्रण, मैदानालगतच्या पहिल्या दोन रांगांत खुर्च्या, आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत यातलेच सहा. हे असं लेखी ठरलं की रुसवेफुगवे निम्म्यानं कमी होतात, कारण ‘मला वगळलं’ याऐवजी ‘माझा नंबर पुढच्या वर्षी’ असं होतं. वयानं सगळ्यात मोठे आधी, एवढाच क्रम ठेवा. त्यावर कोणी वाद घालत नाही. राहिले अध्यक्षांचे मेहुणे. त्यांना स्वागत समितीत घ्या आणि सत्कारमूर्तींना घरून गाडीतून आणण्याची जबाबदारी द्या. मी हे गमतीनं म्हणत नाही. हे काम खरंच विश्वासू माणसाचं आहे, आणि ते केलं की त्यांचाही मान राहतो.

आता वेळ. नॉकआउट असेल तर मुलांच्या आठ संघांचे ७ सामने आणि मुलींच्या सहा संघांचे ५, म्हणजे तीन दिवसांत १२ सामने. बारा सामने म्हणजे बारा हाफटाइम. पहिल्या सामन्यात सगळे गडबडीत असतात, तो सोडा. दोन्ही अंतिम सामने सोडा, तिथं खेळाडूंच्या एकाग्रतेत काहीही घुसवू नका. राहिले नऊ. त्यातल्या सहा हाफटाइममध्ये प्रत्येकी एक सत्कार, दिवसाला साधारण दोन. म्हणून सहा. एका वेळी एकच माणूस असला की तो लक्षात राहतो. सहा ओळीनं उभे केले की रांग होते, आणि मुलं रांगेतली तोंडं विसरतात.

आंतरराष्ट्रीय नियमांत हाफटाइम १५ मिनिटांचा असतो. शालेय स्पर्धेत वेळ वाचवायला आपण तो दहावर, कधी पाचवर आणतो. सत्कार असलेल्या सामन्यांना तो पूर्ण १५ मिनिटांचा ठेवा आणि तसं व्यवस्थापकांच्या बैठकीतच सांगा. त्यातली पहिली सहा मिनिटं सत्काराची, उरलेली नऊ मैदान मोकळं. इथे एक अडचण येते ती कार्यक्रम आखणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो कधी बाकावर बसलेला नसतो. हाफटाइमला खेळणारे संघ प्रशिक्षकाभोवती गोळा झालेले असतात, ते सत्कार बघू शकत नाहीत आणि त्यांनी बघूही नये. शिवाय एकच मैदान असेल तर पुढच्या सामन्याचे संघ याच वेळात लेअप (धावत रिंगजवळ जाऊन मारायचे शॉट) मारायला आत घुसतात. तुम्ही माइकवर ‘ज्येष्ठ कुस्तीपटू’ म्हणता आणि मागे सहा चेंडू धबाधब आपटत असतात.

म्हणून पुढच्या सामन्याच्या दोन्ही संघांनाच सत्काराचे यजमान करा. ते बारा-बारा जण मध्यरेषेवर समोरासमोर दोन ओळींत उभे राहतील, मधल्या वर्तुळात सत्कारमूर्ती. शाल घालायची दोन्ही संघांच्या कर्णधारांनी. आमदार, सभापती, प्राचार्य कोणी नाही. मुलांनीच. सहा मिनिटं झाली की तीच मुलं वॉर्म-अपला लागतात, अंग गार पडायचा प्रश्नच नाही. आणि ज्याच्या खांद्यावर आपण शाल घातली तो माणूस समोर बसून आपला सामना बघतोय, हे त्या कर्णधाराच्या खेळात दिसतं. मी बघितलंय.

पाहुण्यांचं काय, असं संस्था विचारेलच. पाहुण्यांना बक्षीस समारंभ द्या. तिथं चषक त्यांच्या हस्ते, पदकं त्यांच्या हस्ते, हार-तुरे सगळं. मान आणि सन्मान वेगळे ठेवले की दोन्ही नीट होतात. खेळाडूचा सत्कार पाहुण्याच्या वेळेला बांधला की सामना अडकतो, कारण पाहुणे ‘निघालेत’ म्हणजे अजून घरीच असतात.

आतापर्यंतचं थोडक्यात: सहा माणसं, तपासलेली माहिती, त्यात निदान दोन बायका आणि एक पडद्यामागचा, सहा वेगवेगळ्या हाफटाइममध्ये, मुलांच्या हस्ते. बाकीचे फलकावर आणि पहिल्या रांगेत.

मैदानावरच्या बारीकसारीक गोष्टी सांगतो, घोळ इथेच होतो. नारळ मैदानाबाहेर फोडा. एकदा मधल्या वर्तुळात फोडला होता. पाणी पुसलं, पण गुळगुळीत सिमेंटवर ओल राहिली आणि सामना सुरू करायला पंच चेंडू वर उडवतात, त्या पहिल्याच जंपबॉलला एक मुलगा गुडघ्यावर पडला. रांगोळीही बाहेरच, तिची भुकटी बुटाखाली बारीक छर्‍यांसारखी घसरते. लाकडी हॉल असेल तर टाचेच्या चपला आणि खुर्चीचे उघडे पाय आत नकोत. खुर्चीखाली सतरंजीची घडी टाका. पण खुर्ची मात्र हवीच. सत्तरीच्या माणसाला सहा मिनिटं उभं ठेवू नका, आणि व्यासपीठाच्या तीन पायऱ्या तर मुळीच चढायला लावू नका. स्कोअरर आणि टायमरच्या टेबलासमोर कोणी उभं राहणार नाही हे एका माणसानं बघायचं. सत्काराच्या गर्दीत एकदा आमची स्कोअरशीट हारांच्या टोपलीखाली सापडली होती.

परिचय एका मिनिटाचा. लिहून काढा, शंभर शब्दांच्या वर नको, आणि तो निवेदकाऐवजी शाळेतल्या मुला-मुलीनं वाचावा. ‘ज्यांनी क्रीडाक्षेत्रात आपल्या कर्तृत्वाचा ठसा उमटवला असे आपल्या मातीचे सुपुत्र’ हे वाक्य मी इतक्या लोकांबद्दल ऐकलंय की ते कुणाचंच राहिलेलं नाही. त्याऐवजी मुलाला चित्र दिसेल असं सांगा. मी एका बाईंचा परिचय लिहिला होता तो साधारण असा: ‘या १९७९ साली आपल्याच शाळेकडून खेळायच्या. तेव्हा इथे सिमेंट नव्हतं, मुरूम होता. बूट नसायचे, कॅनव्हासचे मिळाले तर मिळाले. आणि तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती, आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ साली आली. त्यामुळे यांनी इतक्या लांबून टाकलेल्या प्रत्येक बास्केटचे दोनच गुण मिळाले.’ हे वाचताना वाचणारी मुलगी रेषेच्या बाहेर जाऊन उभी राहिली. समोरच्या ओळीतून एक पोरगं ओरडलं, ‘बाई, किती गुण बुडाले तुमचे!’ सगळे हसले, बाईही हसल्या.

त्यानंतर जे झालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. कर्णधार मुलीनं शाल घातली आणि चेंडू पुढे केला. बाईंनी मैदानाच्या कडेला जाऊन चपला काढल्या, फ्री थ्रोच्या रेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी, छातीपासून, चेंडू वर टाकला. आमच्या मुलींनी असा दोन हातांचा शॉट कधी पाहिलाच नव्हता. रिंगला लागून चेंडू बाहेर आला. कुणीतरी तो पुन्हा त्यांच्या हातात दिला. चार वेळा टाकला, एकदाही गेला नाही. पाचव्या वेळी त्या ‘बास आता, तुमचा वेळ जातोय’ म्हणून खुर्चीकडे गेल्या. पुढच्या सामन्याच्या वॉर्म-अपला दोन मुली दोन हातांनी शॉट मारून बघत होत्या. प्रशिक्षक ओरडले त्यांच्यावर.

तेव्हापासून मी शक्य असेल तिथे सत्कारमूर्तीच्या हातात काहीतरी काम देतो. बास्केटबॉलवाल्यांना चेंडू. पंचांना शिट्टी: दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात त्यांच्या शिट्टीनं. कबड्डीवाल्यांना दोन मिनिटांत एक पकड दाखवायला सांगा, मुलं वेडी होतात. पण आधी घरी जाऊन विचारा. गुडघे, कंबर, दृष्टी काय म्हणतेय बघा. नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. चारचौघांत आग्रह नको.

मुंबईत नागपाड्याचं उदाहरण या बाबतीत मला फार आवडतं. एवढ्याशा दाटीच्या वस्तीतून कितीतरी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलपटू आले. भारताचं कर्णधारपद भूषवलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुन्तसीर तिथलेच. त्याचं कारण सोयी असं मला कधी वाटलं नाही, मैदानं तशी साधीच आहेत. मला वाटतं, तिथल्या पोराला मोठा खेळाडू हा फोटोत नाही तर कुंपणाला टेकून उभा असलेला, ‘कोपर आत घे’ म्हणणारा माणूस म्हणून भेटतो. आपल्या तालुक्याच्या गावी ते रोज जमणार नाही. सत्काराच्या निमित्तानं सहा मिनिटं जमवता येतं.

दिवंगत प्रशिक्षकांबद्दल तुम्ही विचारलंत. त्यांचा सत्कार बाकीच्या सहांसारखा करू नका, तो वेगळा ठेवा. पहिल्या दिवशी पहिला सामना सुरू होण्याआधी, संघ ओळीत उभे असतानाच, त्यांचं नाव, त्यांनी किती वर्षं शिकवलं ते, आणि त्यांच्या हाताखाली खेळलेले जे कोणी हजर असतील त्यांनी पुढे यावं असं सांगा. बस. मोठा फोटो, हार, समई असलं काही मैदानावर नको. स्पर्धा शोकसभेसारखी सुरू होते. त्यांच्या पत्नीला किंवा मुलांना आधी भेटून विचारा की त्यांना पुढे यायचंय का. काहींना यायचं असतं, काहींना नुसतं पहिल्या रांगेत बसायचं असतं. एका बाईंनी मला सांगितलं होतं, ‘त्यांची शिट्टी आहे माझ्याकडे, ती वाजवा, मला बोलवू नका.’ आम्ही तीच वाजवली.

शेवटी भेट काय द्यावी. शाल-श्रीफळ ठेवा, ते आपलं रीतीचं आहे आणि जुन्या माणसांना ते हवं असतं. स्मृतिचिन्हं मात्र टाळा. काचेचे ते ठोकळे दुकानात ओळीनं मांडलेले असतात, नाव फक्त वेगळं, आणि प्रत्येक खेळाडूच्या घरी तसे पंधरा आधीच असतात. त्या पैशांत दोन गोष्टी होतात. एक, जुन्या संघाच्या फोटोची मोठी प्रत, खाली सगळ्यांची नावं छापून. हे नातवंडं भिंतीवर लावतात. दोन, बास्केटबॉलवाल्यांसाठी तुमच्या शाळेची आत्ताची जर्सी, पण पाठीवर त्यांचा तेव्हाचा नंबर आणि नाव. बायकांच्या जर्सीवर माहेरचं आडनाव टाका, मात्र आधी विचारून.

नंबर फोटोवरून घ्या. जुन्या फोटोंत तो ४ ते १५ मधलाच दिसेल. तेव्हा नियमच तसा होता, कारण १, २, ३ हे आकडे पंच बोटांनी खुणा करायला वापरायचे. आता ० पासून ९९ पर्यंत चालतात, त्यामुळे मुलांना त्याचंही नवल वाटतं. फोटो पुसट असेल तर फोन करून विचारा, ते लगेच सांगतील. मी एकदा अंदाजानं ७ टाकला होता, खरा ११ होता, आणि ते गृहस्थ जर्सी हातात घेऊन इतके सभ्यपणे ‘चालेल, चालेल’ म्हणत राहिले की मला दुसऱ्या दिवशी नवीन छापून घ्यावी लागली.

छपाईवाल्याला दहा दिवस आधी द्या. जानेवारीत सगळ्या शाळांची स्नेहसंमेलनं असतात आणि तो कुणाचाच फोन उचलत नाही. तारीख ठरवताना १५ जानेवारी जमतेय का बघा. खाशाबांचा जन्मदिवस, आता राज्य क्रीडा दिन, त्यामुळे परवानगीपासून निमंत्रणापर्यंत सगळं सोपं जातं. आणि गाव सातारा-सांगलीकडचं असेल तर कळवा. टेबलावर बसायला माणूस कमी पडत असेल तर मी येतो, स्कोअरशीट अजून न अडखळता भरतो.